उजव्या फळीवरचं चीज

थेकलाच्या हातचं चीजचं सॅलड गावात सगळ्यांनी खाल्लं होतं, पण ते पुन्हा खायला मिळावं असं कुणी कधी बोलून दाखवत नसे. कारण ते सॅलड व्हायचं ते गावातलं कुणी गेलं तरच. लग्नाला ती वाढायला असायची, बारशाला भांडी विसळायला असायची. पण बगलेत सुताराचा रंधा घेऊन ती एखाद्या दारात शिरताना दिसली, की त्या घरातलं माणूस कमी झालं हे विचारायला लागत नसे. पोरं तिला भिऊन असत. मोठी माणसंही आजारी पडली की ती भेटायला आलेली त्यांना फारशी रुचत नसे. चर्चची घंटा वाजवणारा आणि थडगी खणणारा क्सावर तर तोंडावर म्हणायचा, "थेकलाबाई, आज मला ताप आहे. तुम्ही उद्या या. तुम्हाला बघून ताप जायचा तो माझ्यासकट जायचा."

"तुझं चीज निम्मं किड्यांनी खाल्लंय, मेल्या. तुझ्यासाठी मी कशाला घाई करू?" थेकला म्हणायची आणि ओट्यावर रश्शाचं भांडं ठेवून निघून जायची.

आमच्या खोऱ्यात पोर बाप्तिस्म्याला नेलं, की त्या उन्हाळ्यातल्या दुधाचं एक चीजचं चाक त्याच्या नावाने बाजूला पडतं. कडेला घराची खूण कोरायची, मीठ चोळायचं आणि कोठारातल्या फळीवर ठेवून द्यायचं. ते विकायचं नाही, पाहुण्याला द्यायचं नाही, दुष्काळात खायचं नाही. ज्याचं चीज त्याच्या मयतालाच ते कापलं जातं. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या सर्वपित्रांच्या सणाला, घरची बाई ते खाली काढते, मिठाच्या पाण्याने पुसते, उलटं करते आणि परत ठेवते. माणूस जितका जगेल तितकं त्याचं चीज दगड होत जातं, आणि ज्याचं चीज सुरीला दाद देत नाही तो माणूस चांगला जगला असं आम्ही मानतो.

अशा दगडाचं सॅलड करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. थेकलाच्या आईला ते येत होतं, आईने लेकीला शिकवलं. आधी वरची साल खरवडायची. मग चाक मांडीवर घट्ट धरून रंधा मारायचा, की कागदासारखे पातळ काप निघतात. ते खोल परातीत पसरायचे. बटाटे सालीसकट उकडून, गरम असतानाच सोलून जाड फोडी करायच्या. कांदा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा. हाडांच्या रश्शात मोहरीची चटणी कालवून तो उकळता रस्सा चीजवर ओतायचा आणि वर ताट झाकून शंभर मोजायचे. कमी मोजलं तर चीज दातांत अडकतं, जास्त मोजलं तर लगदा होतो. मग बटाटे, कांदा, अक्रोडाचं तेल, खारवलेली काकडी, आणि हिवाळा नसेल तर कांद्याची हिरवी पात. सोबत राय धान्याची भाकरी आणि डोंगराखालच्या मळ्यातली पांढरी दारू. थेकलाने अशी एकसष्ट सॅलडं केली होती. त्यात एक आईचं होतं, एक बापाचं होतं, आणि एक नवऱ्याचं. तो धरणाच्या बोगद्यात दगडाची धूळ खाऊन खाऊन सव्विसाव्या वर्षी गेला. त्याचं चीज इतकं कोवळं होतं की रंध्याची गरजच पडली नव्हती, सुरीनेच भागलं. त्या दिवशी ती रडली ती त्या मऊ चीजपायी, असं ती नंतर सांगायची.

स्वतः मात्र तिने ते सॅलड ताटात घेऊन कधी खाल्लं नव्हतं. करणारीने काप चाखून बघायचा तेवढाच. नवऱ्याच्या वेळीही ती ओट्यापाशीच उभी राहिली होती आणि घरच्यांच्या बाकावर सासू बसली होती. आमच्याकडे घरच्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी चमचा उचलत नाही.

नवऱ्यामागे राहिला तो मुलगा, मोरित्स. बडबड्या, उंच, मेंढरांच्या मागे हुंदडणारा. बावीस वर्षांचा असताना तो आणि शेजारचा पांक्रास मागे राहिलेली मेंढरं आणायला हिमनदीच्या कडेपर्यंत गेले. ऑक्टोबर अर्धा सरला होता. परतताना बर्फ पडायला लागलं, धुकं उतरलं. एक लंगडी मेंढी मागे राहिली म्हणून मोरित्स तेवढ्यासाठी वळला. पांक्रास "राहू दे रे ती" म्हणून ओरडत राहिला. मेंढी संध्याकाळी आपली आपण खाली आली. मोरित्स आला नाही.

चार दिवस गाव शोधत होतं. पाचव्या दिवशी कमरेइतकं बर्फ झालं आणि पांक्रासने सगळ्यांना माघारी फिरवलं. तोच थेकलाच्या दाराशी आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "थेकला, पोरगा गेला. मनाची तयारी कर. चीज काप."

"तू परत आलास ना?" थेकला म्हणाली. "मग तोही येईल. आणि तो येईपर्यंत माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत थेकला पांक्रासशी चकार शब्द बोलली नाही. घरं भिंतीला भिंत लावून, पाण्याचा नळ एक, चर्चमध्ये बाक पुढे-मागे, तरी नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तशातली ती बाई. पांक्रास तिच्या अंगणातलं बर्फ ओढून ठेवायचा, ती ते बघायची आणि आत जायची.

मोरित्सचं चीज तिने कापलं नाही. मूठमाती नाही म्हणून चीज नाही, आणि चीज कापलं नाही म्हणून सर्वपित्रांच्या दिवशी वाचतात त्या गेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. कुणीतरी म्हणालं होतं, पलीकडे इटलीत उतरला असेल. कुणी म्हणालं, जेनोवाच्या बंदरात तसाच एक उंच माणूस बघितला. म्हणणारे म्हणून गेले, विसरले. थेकलाने ते शब्द धरून ठेवले. दर नोव्हेंबरात ती कोठाराची शिडी चढायची, मुलाचं चीज खाली काढायची, पुसायची, उलटं करायची. जिवंत माणसाचं चीज म्हणून पुसायची. गावाला हे सगळं माहीत होतं, आणि तिच्यासमोर चीजचा विषय काढायचा नाही हेही माहीत होतं.

मार्चच्या सुरुवातीला पांक्रास गेला. गोठ्यात दूध काढता काढता बसल्या जागी कलंडला. सकाळीच त्याची बायको बाल्बिना थेकलाकडे आली. डोळे सुजलेले, पायात नवऱ्याचेच बूट.

"तू नाही म्हणालीस तरी मला समजेल," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कुणाला येत नाही गं."

थेकला थोडा वेळ तिच्या बुटांकडे बघत राहिली. "मयताला नाही म्हणत नाही मी," ती म्हणाली. "भांडण त्याच्याशी होतं. बटाटे आहेत का घरात?"

दोन्ही घरांचं कोठार एकच. उंदीर चढू नयेत म्हणून पूर्वजांनी दगडी चकत्या बसवलेल्या पायांवर उभं केलेलं, आत धड राहिलेल्या दोनच फळ्या. डावी थेकलाच्या घराची, उजवी पांक्रासच्या. एका फळीवर दोनच चाकं मावतात. उजवीवर पुढे बाल्बिनाचं, मागे भिंतीशी पांक्रासचं. डावीवर पुढे थेकलाचं, मागे मोरित्सचं. शंभर वर्षांत फळ्यांची अदलाबदल झाली नव्हती. मयताच्या दिवशी सकाळी थेकला शिडी चढली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि कोठारात तसाही उजेड नसतो. डाव्या फळीकडे तिने मान वळवली नाही. मयताच्या दिवशी जिवंताच्या चीजकडे बघायचं नाही, हा आईने घालून दिलेला नेम होता. उजव्या फळीवरचं भिंतीकडचं चाक तिने छातीशी धरलं आणि उतरली.

गाव दफनाला गेलं तेव्हा ती पांक्रासच्या स्वयंपाकघरात एकटी होती. त्याआधी कांदे चिरायला दोघी-तिघी शेजारणी होत्या, त्यांनी पांक्रासचे गोडवे गायले. कसा मनमिळाऊ, कसा हाताचा सढळ. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंतपणी याच बाया त्याला चिक्कू म्हणत.

"थेकलाकाकू, तुमच्या डोळ्यांना पाणी आलंय," त्यातली एक मुद्दाम म्हणाली.

"कांद्याचं आहे. तुझं कशाचं आहे? दोन कांदे चिरलेस तेवढ्यात."

त्या गेल्यावर तिने चाक मांडीवर घेतलं, वरची साल खरवडली आणि रंधा मारला. पहिला काप जिभेवर ठेवला. थांबली. साठ वर्षांचं चीज तिखट असतं, जिभेला चावतं. हे चावत नव्हतं. वरच्या कुरणातल्या गवताचा वास त्यात अजून होता, आणि मागाहून येणारा एक गोडवा. नशीब बघ या माणसाचं, तिच्या मनात आलं. परत तोही आला, म्हाताराही तो झाला, आणि चीजही असं. तिला राग आला. त्या रागातच तिने हात चालवला. परात भरत गेली.

निम्मं चाक संपलं तेव्हा तिने ते फिरवून धरलं. कडेवरची खूण तिच्या अंगठ्याखाली आली. पांक्रासच्या घराची खूण काट्यासारखी, दोन शेंड्यांची. अंगठ्याला लागल्या त्या तीन आडव्या खाचा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तिने पुन्हा चाचपलं. शिडीच्या खाली एक छोटं वळण होतं. तेहतीस वर्षांपूर्वी, मोरित्स पाळण्यात रडत होता म्हणून कोरता कोरता तिची सुरी घसरली होती, ते वळण.

थेकलाने रंधा खाली ठेवला. मांडीवर निम्मं चीज होतं, परातीत निम्मं होतं, आणि दोन्ही तिच्या मुलाचं होतं. अकरा वर्षं कुणी सांगून तिने जे केलं नाही ते तिच्याच हाताने, तिच्याच रंध्याने झालं होतं. आणि झालं होतं कुणासाठी, तर पांक्राससाठी. चर्चची घंटा थांबली. म्हणजे माती लोटून झाली होती.

बाल्बिना सगळ्यांच्या पुढे घरी आली, ताटल्या मांडायला. दारातच थांबली. "काय झालं? चक्कर आली का?"

"तुझ्या फळीवर हे कसं आलं?" थेकलाने चाक उचलून खूण दाखवली.

बाल्बिना बघत राहिली. मग मटकन स्टुलावर बसली आणि तोंडावर हात घेतला.

"बोल."

"नोव्हेंबरात वारा सुटला होता ना, सर्वपित्रं झाल्यावर. छताची चार लाकडी कौलं सरकली. तुमच्या फळीच्या मागच्या बाजूला गळत होतं. नेमकं मोरित्सच्या चीजवर. हा चढला, कौलं बसवली. पण लाकूड ओलं झालेलं, ते हिवाळाभर काही सुकत नाही. मग त्याने मोरित्सचं उचलून स्वतःच्या जागी ठेवलं, आणि स्वतःचं तिकडे, ओल्यात." तिने नाक पुसलं. "मी म्हटलं, अरे, तुझं सडेल. तर म्हणाला, माझं सडलं तर सडू दे, तिचं सडलं तर ती बाई उभी मरेल."

थेकलाचा अंगठा खुणेवर फिरत राहिला.

"मला म्हणाला, तू सांग तिला. माझं तोंड तिला बघवत नाही. मी म्हटलं, सांगते. रोज नळावर तू भेटायचीस. रोज ठरवायचे. पण तुझ्यासमोर चीजचं नाव काढायची माझी छाती झाली नाही, थेकला. माझीच चूक."

"तुझी कसली," थेकला म्हणाली. त्याने मला सांगितलं असतं, ती मनात म्हणाली. मी तोंड उघडलं असतं तर त्याने मलाच सांगितलं असतं, अंगणात, बर्फ ओढता ओढता, दोन शब्दांत. अकरा वर्षं तिने जी शिक्षा त्याला दिली असं ती समजत होती, ती आज तिच्याच मांडीवर येऊन बसली होती.

बाहेर बुटांवरचं बर्फ झटकल्याचे आवाज यायला लागले. बाल्बिना उठली, दार ओढून घेतलं आणि खाली वाकून कुजबुजली, "ऐक. त्याचं म्हणूनच वाढ. कुणाला काय कळतंय? उरलेलं निम्मं मी झाकून परत डाव्या फळीवर ठेवते, खूण आहे त्यावर. मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. मोरित्सचं चीज फळीवर आहे म्हणजे आहे."

थेकलाने त्या निम्म्या चाकाकडे पाहिलं. तसं करता आलं असतं. दर नोव्हेंबरात शिडी चढायची, निम्मं चीज खाली काढायचं, पुसायचं. कुणी विचारणार नव्हतं. अकरा वर्षं कुणी काही विचारलं नव्हतंच.

"रस्सा उकळलाय," ती म्हणाली. "सर बाजूला."

तिने उरलेलं चाक मांडीवर घेतलं आणि खुणेसकट सगळं रंधा मारून काढलं. एवढासा तुकडाही ठेवला नाही. रस्सा ओतला, ताट झाकलं, शंभर मोजले. मधेच कितीवर होती ते विसरली म्हणून पुन्हा साठापासून मोजले. बटाटे, कांदा, तेल. बाल्बिना भिंतीला टेकून बघत होती.

पंगत दोन्ही खोल्या भरून बसली होती. शेगडीजवळचा बाक घरच्यांचा. तिथे बाल्बिना येऊन एकटीच बसली, कारण तिला मूलबाळ नव्हतं. थेकला परात घेऊन आली. आमच्या रीतीप्रमाणे करणारीनेच सांगायचं असतं, हे चीज कुणाचं. लोक माना खाली घालून थांबले. क्सावरच्या नखांत अजून माती होती.

"हे मोरित्सचं चीज," थेकला म्हणाली.

सगळ्या माना वर झाल्या. कुणाला वाटलं, म्हातारीची जीभ घसरली. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "पांक्रासचं, काकू."

"पांक्रासचं ओल्यात गेलं. त्याने आपल्या हाताने ते तिथे ठेवलं, माझं कोरडं राहावं म्हणून. आता ते बघवणार नाही असं झालं असेल." ती थांबली. परात जड होती, तरी तिने ती कुणाला घेऊ दिली नाही. "हे माझ्या मोरित्सचं आहे. त्याने मागे ठेवलं, आपण खायचं. पांक्रासच्या नावानेही खा. दोघं बरोबरच गेले होते वर."

बायाबापड्या सगळ्या त्या पोराला ओळखत होत्या. खिडकीशी बसलेल्या दोघा-तिघांनी त्या बर्फात चार दिवस काठ्या खुपसल्या होत्या. शेवटी क्सावरच उठला. त्याला एरवी थट्टेशिवाय बोलता यायचं नाही.

"देव त्याला विसावा देवो," तो म्हणाला. मग जरा अडखळून, "मोरित्सला. आणि पांक्रासला."

"विसावा देवो," सगळे म्हणाले.

ही प्रार्थना म्हणायला गाव अकरा वर्षं थांबलं होतं, हे थेकलाला त्या आवाजावरून कळलं. तिने परात टेबलावर ठेवली, सगळ्यांना वाढलं आणि सवयीने ओट्याकडे वळली. पाठीमागे काहीच आवाज होईना. चमचे नाहीत, बाकांची करकर नाही. तिने वळून पाहिलं. ताटल्या भरलेल्या होत्या आणि सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. बाल्बिनानेही चमचा उचलला नव्हता. शेगडीजवळच्या बाकावर ती एका बाजूला सरकली होती, आणि शेजारच्या रिकाम्या जागेसमोर एक भरलेली ताटली होती.

"ये," बाल्बिना म्हणाली. "तुझ्याआधी कसं खाणार?"

थेकला गेली आणि बसली. ओला एप्रनसुद्धा तिने सोडला नाही. घास तोंडात घेतला. चीज नीट मऊ झालं नव्हतं, मोजण्यात चुकलं होतं. तिला पुष्कळ वेळ चावावं लागलं. सबंध खोली तिच्या तोंडाकडे बघत होती आणि कुणाला घाई नव्हती. तिने गिळलं.

मग सगळ्यांनी चमचे उचलले.